ताई हे नाव कोणाचं?

४ फेब्रुवारी

ताई,

छापील अक्षर बघून वकिलाची नोटीस समजू नकोस. मीच आहे. बारा वर्षांनी लिहितोय आणि तेही कामापुरतं, म्हणून नमनाला घडाभर तेल घालत नाही.

गोष्ट अशी. आपला तो प्रोग्राम, संगणकाच्या पडद्यावरचं आम्हा अंधांना वाचून दाखवणारा, त्याचं नाव बदलायचं घाटतंय. 'आपला' हा शब्द सवयीने आला, हवा तर खोडून टाक. एकोणीस वर्षं तो 'ताई' या नावाने चाललाय. चाळीस हजार माणसं सकाळी उठून आधी ताईला सुरू करतात आणि मग दात घासतात. 'आमची ताई कालपासून बोलत नाही हो' असा फोन आला की कार्यालयात नवीन लागलेल्या माणसाला वाटतं, घरगुती भांडण आहे.

खूळ काढलं ते आमच्या तपासनीस मुलीने. अठ्ठावीस वर्षांची आहे, माझ्यासारखीच जन्मांध. प्रोग्राम इतक्या वेगाने लावून ऐकते की शेजारच्याला वाटावं शिलाई मशीन चाललंय. म्हणून सगळे तिला सुसाट म्हणतात. परवाच्या बैठकीत तिने मला सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब, मेनूत सतरावी ओळ काय आहे?"

मी म्हटलं, "ताईला गप्प करा."

"आणि तेराव्या ओळीत?"

"ताईचा वेग वाढवा."

"आता हे दोन्ही घरी मोठ्याने म्हणून दाखवा."

"माझ्या घरी ऐकायला आहे कोण?"

"तेच म्हणतेय मी," म्हणाली.

तिचं म्हणणं, मोलकरणीला हाक मारावी तसं झालंय. पुरुष मंडळी विनोद करतात, बटण दाबलं की गप्प बसणारी बाई जगात हीच एक. तिने असे एकतीस विनोद गोळा करून यादी केली आहे. त्यातले दोन माझे निघाले.

दुसरी बाजू माझी. नाव रुळलंय. आणि खरी अडचण परीक्षेची. परीक्षा मंडळाच्या परवानगीच्या यादीत 'ताई' असं लिहिलेलं आहे. आपण नाव बदललं आणि यादी तशीच राहिली, तर ऐन पेपरच्या दिवशी पर्यवेक्षक म्हणणार, हे यादीत नाही, बंद करा. दर वर्षी नऊशे मुलं ताईवर पेपर देतात. त्यांच्या वर्षाचा खेळ कोण करणार?

३० मार्चला सभा आहे. वापरणाऱ्यांचे साठ प्रतिनिधी मत देतील. माझं मत पक्कं आहे. तुझी हरकत नाही अशा दोन ओळी आल्या तर सभेत वाचून दाखवता येतील. टाइप करून पाठव, म्हणजे माझं मला वाचता येईल.

भाऊजींना नमस्कार.

तुझा भाऊ

१८ फेब्रुवारी

ताई,

टाइप करून पाठव म्हटलं होतं. तू हाताने लिहिलंस. मुद्दाम लिहिलंस, हे कळण्याइतका मी अजून शहाणा आहे. छापील अक्षर आमचा प्रोग्राम कसाही वाचतो. तुझ्या हस्ताक्षरापुढे त्याने हात टेकले, म्हणजे तुझ्या शाळेतल्या मुख्याध्यापकांइतकीच त्याची गत झाली.

सुसाटला दिसत नाही, मला दिसत नाही. शेवटी दाराशी बसणाऱ्या काकांना गाठलं. हे पूर्वी बसमध्ये कंडक्टर होते. वाचताना प्रत्येक पूर्णविरामाला बस थांबवतात. "'नाव ठेवताना मला विचारलं नाहीस.'" थांबले. "'आता काढताना विचारतोस.'" थांबले. "'आणि माझा आवाज कुठे आहे?'" मग मला म्हणाले, "साहेब, इथे उतरताय की पुढे जाऊ?"

तोवर सगळं कार्यालय टाइप करायचं थांबलं होतं. कळ दाबल्याचा एक आवाज नाही. मला ती शांतता बरोब्बर मोजता येते, नऊ माणसांची होती.

भाऊजी गेल्याचंही काकांच्याच तोंडून कळलं. तीन वर्षं झाली म्हणे. आणि मी मागच्या पत्रात त्यांनाच नमस्कार पाठवला होता.

आवाजाचं सांगतो. मागच्या खोलीत चारी बाजूंनी गाद्या उभ्या करून तू चाळीस दिवस बसली होतीस. शाळेतून आलीस की तोंड धुऊन थेट त्या गुहेत. क, का, कि, की. दोन हजार तीनशे आवाज. 'ठ' म्हणताना बाहेर पातेलं पडलं आणि मी म्हटलं असू दे, आणि मग सात वर्षं 'ठ' आला की मागे पातेलं पडायचं. लोक त्यावरून प्रोग्राम ओळखायचे.

तो आवाज आम्ही काढला. नवा, यंत्राने घडवलेला आवाज वेगात जास्त स्पष्ट लागतो. तांत्रिक निर्णय होता.

आता माझा एक प्रश्न. तुझ्या पत्राच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात उठावाचा शिक्का बोटांना लागला. तो आमच्या कार्यालयाचा जुना कागद आहे. दहा वर्षांपूर्वीच बंद केला आम्ही. तुझ्याकडे कसा आला?

आणि रागाचं म्हणशील तर तो तुझ्या एकटीकडे नाही. मानचिन्हाच्या त्या समारंभानंतर मी तुला सहा पानी पत्र लिहिलं होतं. आयुष्यात कोणाला सहा पानं लिहिली नाहीत. तू एका ओळीनेही उत्तर दिलं नाहीस. मग मीही म्हटलं, ठीक आहे. नाक फुगवून बसलो.

तुझा भाऊ

३ मार्च

ताई,

काकांनी तुझी दोन पानं वाचली. या वेळी कुठेच थांबले नाहीत.

तू लिहितेस, 'हा कागद तूच पाठवलास. सहा पानं, सहाही कोरी. मी उजेडासमोर धरून पाहिली. मला वाटलं, तुला म्हणायचंय की आता आपल्यात वाचण्यासारखं काही उरलं नाही. कागद चांगला होता, फेकवला नाही. एकावर मागच्या वेळी लिहिलं, दोनांवर हे लिहितेय. तीन शिल्लक आहेत.'

मी काकांना म्हटलं, परत वाचा. परत वाचलं. मग मी उठून खिडकीशी गेलो, आणि खिडकीशी जाऊन आंधळा माणूस काय करतो ते काकांनी विचारलं नाही, ही त्यांची माया.

ताई, शाई संपली असणार. पत्र खासगी म्हणून मी सगळे घरी गेल्यावर एकटाच छापायला बसलो. प्रोग्रामने स्वच्छ आवाजात सांगितलं, 'छपाई पूर्ण. सहा पानं.' पानं हाताला कोमट लागली. मोजली, घडी केली, पाकीट चिकटवलं. कोणा डोळसाला दाखवलं असतं तर एका क्षणात कळलं असतं. पण नेमकं तेच मला नको होतं. कोणाला काही दाखवायची, कोणाकडून काही वाचून घ्यायची गरज नसलेला माणूस म्हणून मला तेव्हा मानचिन्ह मिळालं होतं ना.

बारा वर्षं मी तुझ्यावर रागावलो ते कोऱ्या कागदाचं उत्तर आलं नाही म्हणून.

त्या सहा पानांत काय होतं ते आता सांगायला हवं. पाच पानं सारवासारव होती. तुझा भाऊ आहे मी, ओळखतेस. सहाव्यावर खरं होतं.

त्या समारंभात भाषणाला उभा राहिलो. टाळ्या ऐकल्या की माझी जीभ सैल सुटते. मी म्हणालो, "माझी खरी ताई दमायची, चिडायची, मधेच चहा करायला उठायची. ही ताई दमत नाही, उठत नाही, आणि परत वाच म्हटलं तर तोंड वाकडं करत नाही." सभागृह खो खो हसलं. त्या हसण्याच्या खाली मला तिसऱ्या रांगेत खुर्ची मागे सरकल्याचं ऐकू आलं. मग तुझी चप्पल. डाव्या पायाचा बंद सैल होता, दोन पावलांमागे एकदा चटकन वाजायचा. दारापर्यंत अठ्ठावीस पावलं. मी सगळी मोजली आणि भाषण चालू ठेवलं.

तुझ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी तू मला माझा भूगोल वाचून दाखवत होतीस. मी पास झालो. तुला एक विषय राहिला आणि शिक्षिका व्हायला दोन वर्षं उशीर झाला. घरात कोणी हिशेब मांडला नाही. तूही नाही. आणि मी चहावरून हशा वसूल केला.

आवाजाचंही खोटं सांगितलं मागच्या पत्रात. नवा आवाज स्पष्ट होता, हे खरं. पण काढला तो तुझं उत्तर येईना म्हणून. सकाळी यंत्र सुरू केलं की तू बोलायचीस, तारीख सांगायचीस, वेळ सांगायचीस, आणि मला तर तू बोलत नव्हतीस. सहन होईना. म्हणून आवाज काढला आणि नाव तेवढं ठेवलं.

तुझी शेवटची ओळ काकांनी हळू वाचली. 'सासरी मी वहिनी, शाळेत बाई, शेजारी काकू. आई गेली, धाकटी गेली, आता मला ताई म्हणणारा जगात एकच उरलाय आणि तो ते यंत्राला म्हणतो.'

सभेतलं माझं मत बदललंय.

हे पत्र पाकिटात घालायच्या आधी काकांपुढे धरणार आहे. "वाचू नका, फक्त शाई आहे का तेवढं सांगा."

तुझा भाऊ

१६ मार्च

ताई,

काका म्हणाले, शाई आहे आणि भरपूर आहे. मग म्हणाले, "साहेब, अक्षरं जरा जास्तच गडद आहेत, रडल्यासारखी वाटतात." त्यांना म्हटलं, तुम्ही तिकिटं फाडा.

तुझी ही दोन पानं मी तीनदा वाचून घेतली आणि तिसऱ्यांदा सुसाटला शेजारी बसवलं. ती टेबलावर हात आपटून हसली. विशेषतः इथे: 'नाव बदललं की काय होतं हे विचारायला तुम्ही वकील, इंजिनियर आणि परीक्षा मंडळ पालथं घातलंत. लग्न झालेल्या एका बाईला विचारलं असतं तर दहा मिनिटांत उरकलं असतं.'

खरंच आहे. आमच्या बैठकीत अकरा पुरुष, सहा आठवडे कीस काढत होते. कागदपत्रांचं काय, जुने लोक हुडकतील कसे, चूक झाली तर जबाबदार कोण. आणि तू लिहितेस, 'लग्नानंतर दोन वर्षं मी दोन्ही नावांनी सही करायचे. आधी सगळ्यांना पत्र पाठवलं, बँक, शाळा, पोस्ट. पदवीवर जुनं नाव होतं ते तसंच राहू दिलं, सोबत एक दाखला जोडला. पूर्वाश्रमीची अमुक. कोणाचं काही अडलं नाही. अडलं ते फक्त माझं, हाक मारल्यावर मागे वळून बघायला दीड वर्ष लागलं.'

सुसाट म्हणाली, "साहेब, यांना आधी का नाही विचारलंत?"

"भांडण होतं."

"कशावरून?"

"छपाईवरून," म्हटलं. अर्धं खरं.

परीक्षा मंडळात दुसऱ्याच दिवशी गेलो. खिडकीमागची बाई म्हणाली, नाव बदलायला समिती बसावी लागते, वर्ष जाईल. मी म्हटलं, बाई, तुमचं लग्नानंतर नाव बदललं का? म्हणाली, बदललं. मग तुमच्या पगाराला समिती बसली होती का? ती हसली. आतून अर्ज आणला. यादीत आता दोन वर्षं नवं नाव आणि त्याच्यापुढे 'पूर्वाश्रमीची ताई' असं छापणार आहेत. लेखी घेतलं, काकांकडून वाचून घेतलं, शाईसकट. नऊशे मुलांचा प्रश्न तुझ्या सहीच्या अनुभवाने सुटला.

राहिलं नवं नाव. सूचना ढीगभर. एकाने 'दिव्यचक्षू' सुचवलं. मी म्हटलं, असलं नाव उच्चारेपर्यंत यंत्र सुरू होऊन बंद पडेल. सुसाटने विचारलं, "लहानपणी त्या वाचायच्या, तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"ऐकायचो."

"आणि त्या थांबल्या की?"

"थांबली की मी एकच म्हणायचो. 'पुढे?'"

ती म्हणाली, "मग झालं तर."

पुढे. प्रोग्रामचं नाव, पुढे. कोणी म्हणालं, बंद पडला तर काय म्हणायचं, मागे? आणि काकांनी दाराशी बसूनच आवाज दिला, "हेच मी तीस वर्षं ओरडलो. पुढे चला, पुढे चला. तेव्हा कोणी ऐकलं नाही."

नाव पटतं का, ते कळव. या वेळी आधी विचारतोय.

आणखी एक विचारायचं आहे. जुन्या कपाटात तुझ्या आवाजाची तबकडी सापडली. दोन हजार तीनशे आवाज शाबूत आहेत, पातेल्यासकट. सुसाटने तुझा आवाज पहिल्यांदाच ऐकला. ती नेहमी सुसाट वेगाने ऐकते, पण हा तिने साध्या चालीने लावला आणि वेग वाढवलाच नाही. म्हणाली, ज्यांना हवा त्यांना हा आवाज निवडता यावा, पण तुमच्या ताईंनी हो म्हटलं तरच. तू नाही म्हणालीस तर तबकडी तुझ्याकडे पाठवून देतो. तुझी वस्तू आहे.

तुझा भाऊ

२ एप्रिल

ताई,

सभा झाली. तू आली नव्हतीस, मी तिसऱ्या रांगेकडे कान लावून होतो. तुझं उत्तरही आलं नव्हतं. सभेला उभं राहून सांगून टाकलं की नाव पटलं का हे जिला विचारलंय तिचा जबाब यायचाय, तेव्हा आज फक्त जुनं नाव काढायचं की नाही तेवढंच ठरवू. वकिलांनी कपाळावर हात मारला. आवाज आला.

बोलायला उभा राहिलो. ते जुनं भाषण जसंच्या तसं म्हणून दाखवलं, चहाच्या विनोदासकट. दोघे तिघे हसले. मग म्हटलं, हे ऐकून माझी बहीण उठून गेली होती, आणि ताई हे नाव मी वाटून टाकलं तेव्हा ते माझ्या मालकीचं नव्हतं. नंतर कोणी हसलं नाही.

सगळं गोड झालं असं नाही. खुर्च्या विणणारे एक बुवा आहेत, आमचे पहिल्या वर्षापासूनचे. उभे राहिले. "माझी बायको गेल्यापासून घरात ही एकटीच बोलते. तिला मी आता दुसऱ्या नावाने हाक मारू?" म्हणाले. सुसाट म्हणाली, "बुवा, तुमच्या घरात तुम्ही तिला ताईच म्हणा, आम्ही तशी सोय ठेवलीय. फक्त आम्ही सगळ्यांवर लादणार नाही." बुवांनी तरी विरोधातच मत दिलं. जाताना वेताने चिरलेल्या, खरखरीत हाताने माझा हात बराच वेळ धरून ठेवला. एक्केचाळीस विरुद्ध एकोणीस. नाव गेलं.

सतरावी ओळ बदलली. आता नुसतं 'थांबा' आहे.

आणि आज सकाळी तुझं पाकीट आलं. एकच पान. सहावं. काकांना दिलं. त्यांनी उलटंसुलटं केल्याचा कागदाचा आवाज आला. मग अगदी हळू, "साहेब, काही नाही यावर. कोरं आहे."

मनात म्हटलं, फिट्टंफाट केली हिने. केली तर केली, हक्क आहे तिचा. "द्या इकडे," म्हटलं, आणि घडी घालायला बोटं फिरवली.

ठिपके लागले.

ताई, तुला ब्रेल अजून येतं? शाळेत मला शिकवायला गुरुजी आले होते तेव्हा शेजारी बसून तूही शिकली होतीस, हे मी पार विसरलो होतो. सुईने टोचलंस की दाभणाने? काही ठिपके आरपार गेलेत. मागून टोचताना उलटं लिहावं लागतं, त्यात तुझी दोन अक्षरं उलटी पडली आहेत. एके ठिकाणी चुकून तीच खूण परत टोचलीस आणि नखाने दाबून मोडायचा प्रयत्न केलास. सगळं बोटांना कळलं. काका शाईच शोधत होते, त्यांना तिथे कोरा कागद दिसत होता आणि मी वाचत होतो. कोणाला वाचून दाखवायला न सांगता, तुझ्या हातचं.

'नाव बरं आहे. आवाज वापरा, पातेलं काढू नका. शनिवारी चारला येते. चहा तू करायचा. मी उठणार नाही.'

चारदा वाचलं. काकांनी विचारलं, "काय म्हणतायत?" त्यांना म्हटलं, खासगी आहे.

तर शनिवारी. साखर किती घेतेस ते आठवत नाही, डबा समोर ठेवीन. कप दोन काढून धुऊन ठेवलेत. जिना चौदा पायऱ्यांचा आहे, नववी जरा मोडकी, भिंतीच्या बाजूने चढ. घंटा वाजवू नकोस. बारा वर्षांत चप्पल बदलली असशील, तरी मी तळापासून ऐकत बसणार आहे. त्या दिवशी जाताना ऐकली, आता येताना ऐकू दे.

तुझा भाऊ